पॅराबेनची भीती आणि पुडीवरची कोरी जागा



कटलरीच्या दुकानात गेलात तर हल्ली शॅम्पूच्या बाटल्यांवर, क्रीमच्या डब्यांवर आणि लहान मुलांच्या लोशनवर ठळक अक्षरांत दोन शब्द छापलेले दिसतात : 'पॅराबेन फ्री'. म्हणजे या मालात पॅराबेन नाही. दुकानदार सांगतो, "ताई, हे घ्या, यात केमिकल नाही, चार पैसे जास्त जातील पण माल चांगला आहे." घरातली कॉलेजात जाणारी मुलगी मोबाईलवर काहीतरी पाहते आणि सांगते, "आई, पॅराबेनने कॅन्सर होतो, तुझी ती डबी फेकून दे." आई बिचारी गोंधळते. इतकी वर्षे थंडीत पोरांच्या गालांना जे क्रीम चोळले ते विषच होते काय, असे तिच्या मनात येते. आणि महागातली बाटली घेण्याची ऐपत नसली की भीतीच्या जोडीला अपराधीपणही येते.

हा प्रश्न महिला मंडळाच्या बैठकांतून वारंवार विचारला जातो. म्हणून आज या सदरात त्याचा नीट हिशेब मांडू. कोणी सांगितले म्हणून मानायचे नाही आणि कोणी घाबरवले म्हणून टाकायचेही नाही. आपण स्वतः तपासून घ्यायचे.

हे पॅराबेन आहे तरी काय?

लोणच्याची बरणी आठवा. कैरीच्या फोडींना भरपूर मीठ लावतो, वर तेलाचा थर ठेवतो आणि घरातल्या सगळ्यांना बजावतो की ओला चमचा आत घालू नका. का? पाणी लागले की बुरशी धरते म्हणून. मीठ आणि तेल हे लोणच्याचे राखणदार आहेत.

क्रीम, लोशन आणि शॅम्पू यांतही पाणी असते. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकत्र घुसळून केलेला लोण्यासारखा गोळा. जिथे पाणी तिथे जंतू आणि बुरशी येणारच. त्यात आपण रोज बोट बुडवणार, डबी न्हाणीघरातल्या ओलाव्यात ठेवणार आणि ती सहा महिने पुरवणार. तोवर माल सडू नये म्हणून कारखान्यात त्यात परिरक्षक घालतात. परिरक्षक म्हणजे माल टिकवणारे द्रव्य, ज्याला इंग्रजीत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात. पॅराबेन हे अशा परिरक्षकांचे एक कुटुंब आहे. मिथाइल पॅराबेन, इथाइल पॅराबेन, प्रोपाइल पॅराबेन आणि ब्युटाइल पॅराबेन ही त्यातली नेहमी भेटणारी चार भावंडे. स्वस्त, वास नसलेले, रंग नसलेले आणि थोडक्यात काम करणारे असे हे द्रव्य असल्यामुळे गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून ते औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरले जात आहे. अनेक पातळ औषधांच्या बाटलीवरही त्याचे नाव सापडेल.

प्रमाण किती? युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मिथाइल किंवा इथाइल पॅराबेन एकटे असेल तर जास्तीत जास्त ०.४ टक्के आणि सगळी भावंडे मिळून ०.८ टक्के. म्हणजे १०० ग्रॅमच्या डबीत एकट्या मिथाइल पॅराबेनचे वजन फार तर ४०० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाएवढे.

भीती कुठून आली?

२००४ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील डॉ. फिलिपा डार्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाच्या कॅन्सरच्या २० गाठींच्या नमुन्यांत त्यांना पॅराबेन सापडले होते. बातमी जगभर गेली आणि लोकांनी तिचा अर्थ 'पॅराबेनमुळे कॅन्सर होतो' असा लावला. पण त्या अभ्यासात निरोगी स्तनांच्या नमुन्यांशी तुलना केलेली नव्हती. गाठीत एखादी वस्तू सापडणे वेगळे आणि त्या वस्तूने गाठ निर्माण करणे वेगळे. चोरी झालेल्या घरात शेजाऱ्याच्या पायांचे ठसे सापडले म्हणून शेजारी चोर ठरत नाही, कारण तो रोजच तिथे येत-जात असतो. पॅराबेन तर घरोघरी येत-जात असते. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये सुमारे अडीच हजार लोकांची लघवी तपासली, तेव्हा ९९ टक्के लोकांत मिथाइल पॅराबेन आणि सुमारे ९३ टक्के लोकांत प्रोपाइल पॅराबेन सापडले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. लघवीत सापडले याचाच दुसरा अर्थ असा की शरीर ते फोडून बाहेरही टाकते.

मग काहीच काळजी नाही असे म्हणायचे काय? तसेही नाही. पॅराबेनचा गुण स्त्रियांच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी किंचित मिळताजुळता आहे. त्याचा जोर खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा हजारो पटींनी दुबळा आहे, परंतु तो आहे. भावंडांत ब्युटाइल आणि प्रोपाइल यांचा जोर मिथाइल-इथाइलपेक्षा अधिक. म्हणून डेन्मार्कने २०११ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या प्रसाधनांत या दोघांना मनाई केली. २०१४ मध्ये युरोपीय संघाने त्यांची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली, लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या मुलांच्या क्रीममधून ती काढायला लावली आणि कुटुंबातली आणखी पाच नातलग द्रव्ये, ज्यांच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिला नव्हता, ती बंदच केली. मिथाइल पॅराबेनची मात्र पुन्हा तपासणी झाली आणि २०२३ मध्ये युरोपच्या शास्त्रज्ञ समितीने ०.४ टक्क्यांपर्यंत ते सुरक्षित ठरवले.

एवढ्यावरून आपल्या घरापुरता निष्कर्ष सरळ आहे. पॅराबेनमुळे कॅन्सर होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. मोठ्या माणसाने मिथाइल किंवा इथाइल पॅराबेन असलेले क्रीम लावले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तान्ह्या बाळाच्या लंगोटाच्या जागी मात्र प्रोपाइल आणि ब्युटाइल असलेले क्रीम लावू नये. यात खर्च काही नाही, फक्त वाचण्याचे कष्ट आहेत.

पॅराबेन गेले, मग आले कोण?

'फ्री' लिहिलेल्या मालाचा प्रश्न इथे सुरू होतो. बाटलीत पाणी आहे म्हणजे राखणदार हवाच. एक काढला तर त्याच्या जागी दुसरा येतो. तो कोण, हे डब्याच्या दर्शनी बाजूला कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाही.

ही गोष्ट घडून गेलेली आहे. पॅराबेनची भीती पसरत असताना कंपन्यांनी इतर परिरक्षकांकडे मोर्चा वळवला. त्यातले एक मिथाइलआयसोथायझोलिनोन. नाव तोंडात मावत नाही, म्हणून डॉक्टर त्याला 'एमआय' म्हणतात. युरोपने २००५ मध्ये ते प्रसाधनांत दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरायला परवानगी दिली. म्हणजे १०० ग्रॅममध्ये फक्त १० मिलिग्रॅम, पॅराबेनच्या मानाने अगदी नगण्य. पण काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे खाज, लाल चट्टे आणि पाणी गळणारी पुरळ घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये एमआयला 'वर्षातील ॲलर्जीकारक' ठरवले. २०१४ मध्ये तिथल्या बालरोग नियतकालिकात सहा मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्या तोंडावरची आणि ढुंगणावरची पुरळ ओल्या पुसण्यांतल्या एमआयमुळे आलेली होती. आई बाळाला पुसत होती आणि पुसण्यामुळेच बाळाची कातडी सोलवटत होती. शेवटी २०१७ पासून युरोपने अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमधून एमआय हद्दपार केले आणि पुढे शॅम्पूसारख्या धुवून टाकायच्या मालात मर्यादा दहा लाखांत १५ भागांवर आणली.

आणि पॅराबेन? त्याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला 'वर्षातील ॲलर्जी न करणारे' असे नाव दिले! प्रसाधनांतल्या परिरक्षकांत सगळ्यांत कमी ॲलर्जी करणाऱ्यांत पॅराबेन मोडते, हे लोकांना कळावे म्हणून. (जखमेवर किंवा फाटलेल्या कातडीवर मात्र काहींना पॅराबेनचीही ॲलर्जी होते, हे ध्यानात असू द्या.)

एमआय आणि त्याची नातलग द्रव्ये केवळ शॅम्पूत नसतात. भांडी घासायचे पातळ साबण, कपड्यांचे लिक्विड आणि भिंतीला लावायचे पाण्याचे रंग यांतही ती वापरतात. आपल्या घरांतून चार घरची भांडी करणाऱ्या भगिनी आहेत, रंगकामावर जाणारे बंधू आहेत. "हाताला भेगा पडल्या, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, काय करणार, कामच तसे आहे," असे म्हणून आपण गप्प बसतो. रंगाऱ्याला तर नुकत्या रंगवलेल्या बंद खोलीत नुसते उभे राहिल्याने तोंडावर पुरळ येऊ शकते. काम सुटले की बरे वाटते आणि कामावर गेले की पुन्हा येते, असे होत असेल तर ते अंगावर काढू नका. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा आणि 'पॅच टेस्ट' होते का ते विचारा. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि कोणते द्रव्य अंगाला सोसत नाही ते शोधून काढतात. एकदा नाव कळले की ते आयुष्यभर टाळता येते.

परिरक्षकच नको म्हणाल तर?

तोही मार्ग धोक्याचा आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांनी दाखवून दिले की जंतू वाढलेल्या मस्काऱ्यामुळे, म्हणजे पापण्यांना लावायच्या काळ्या रंगामुळे, काही स्त्रियांच्या डोळ्यांच्या बुबुळांवर जखमा झाल्या होत्या. डोळ्यावर बेतलेले दुखणे पॅराबेनच्या भीतीपेक्षा किती मोठे! कोरफडीचा गर काढून बाटलीत भरून महिनाभर वापरणाऱ्या मुलींनी हे लक्षात घ्यावे. घरचे आहे म्हणून ते सडत नाही असे नाही. बेसन-दही, कोरफड, मुलतानी माती हे ताजे कालवावे, लावावे आणि उरलेले टाकून द्यावे.

ज्यांना परिरक्षक टाळायचेच आहे त्यांच्यासाठी सोपा आणि स्वस्त उपाय आपल्या घरातच आहे. ज्या मालात पाणी नाही त्याला राखणदाराची गरज फारशी पडत नाही. खोबरेल तेल आणि साधी पेट्रोलियम जेली यांत पाणी नसते. थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना पेट्रोलियम जेली पुरेशी आहे. बाळाच्या लंगोटाच्या जागीही तिचा पातळ थर चालतो. त्यासाठी 'फ्री'ची महागडी बाटली लागत नाही.

घरात पाळायच्या गोष्टी

पहिली : शॅम्पूची बाटली संपत आली की आपण तिच्यात पाणी घालून खळखळवतो. काटकसर चांगली, पण पाणी घातले की राखणदारही पातळ होतो. पाणी घालायचे तर त्याच दिवशी संपवा. पाणी घातलेली बाटली आठवडाभर ठेवू नका.

दुसरी : फोडलेली पुडी न्हाणीघराच्या खिळ्याला अडकवून ठेवू नका.

तिसरी : क्रीमच्या डबीत ओले बोट घालू नका. लोणच्याचा नियम इथेही लागू. वास बदलला, पाणी सुटले किंवा रंग पालटला की डबी टाका, मग ती कितीही भरलेली असो.

चौथी : काजळ आणि ओठांचा रंग घरातल्या सगळ्या मुलींत एकच असू नये. डोळे आले असतील तेव्हा वापरलेले काजळ टाकून द्यावे.

पाचवी : नवीन क्रीम तोंडाला लावण्यापूर्वी आठवडाभर दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. खाज किंवा लाली आली नाही तरच तोंडाला लावावे.

सहावी : अंगावर पाजणाऱ्या आईने स्तनाग्रांना कोणतेही क्रीम लावण्यापूर्वी दवाखान्यात विचारावे. २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच एका क्रीमबाबत इशारा दिला होता. त्यातल्या फिनॉक्सीइथेनॉल आणि क्लोरफेनेसिन या परिरक्षकांमुळे बाळाला उलट्या-जुलाब आणि श्वासाचा त्रास होण्याची भीती होती. 'पॅराबेन फ्री' मालात फिनॉक्सीइथेनॉल पुष्कळदा असते.

सातवी : डब्याची मागची बाजू वाचा. नावे इंग्रजीत असतात. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला शोधायला लावा. ज्या नावाचा शेवट पी-ए-आर-ए-बी-ई-एन असा होतो ते पॅराबेन. ज्यात लांबलचक शब्दाच्या शेवटी 'आयसोथायझोलिनोन' येते ते अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये नको. मुलांचा इंग्रजीचा अभ्यासही होईल.

पण पुडीचे काय?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वर मी वाचा म्हणालो. पण आपल्यापैकी किती घरांत दोनशे मिलिलिटरची बाटली येते? रोजंदारीवर चालणाऱ्या घरात शॅम्पू येतो तो पुडीतून, क्रीम येते ते छोट्या पाकिटातून. आणि कायदा काय म्हणतो? सौंदर्यप्रसाधनांवर घटकद्रव्यांची यादी छापलीच पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे. आधी तो १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत होता, आता २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांत आहे. पण त्याला एक सूट जोडलेली आहे. ६० मिलिलिटरपेक्षा कमी पातळ माल आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट माल असेल तर यादी छापण्याची सक्ती नाही.

काही कंपन्या स्वतःहून यादी छापतात, नाही असे नाही. पण ती त्यांची मर्जी झाली, आपला हक्क झाला नाही. याचा सरळ अर्थ असा की बाटली घेणाऱ्याला आपण अंगाला काय लावतो ते जाणण्याचा हक्क आहे आणि पुडी घेणाऱ्याला नाही. माल तोच, कातडी तीच, जंतू तेच. फरक फक्त खिशाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळवणे हा ग्राहकाचा हक्क म्हटला आहे. एक रुपया देणारा ग्राहक नाही काय? ज्या बाईला पॅच टेस्टमध्ये एमआयची ॲलर्जी निघाली, तिने पुडीची कोरी बाजू पाहून काय ओळखायचे?

जागा अपुरी असते असे कारण कोणी देईल. पण त्याच पुडीवर नटीचे चित्र छापायला जागा मिळते. संपूर्ण यादी नाही तर निदान परिरक्षकाचे नाव तरी प्रत्येक पुडीवर छापावे, आणि दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळेवर किंवा मोठ्या पाकिटावर मराठीतून यादी असावी, ही मागणी अवाजवी नाही.

यादीची किंमत किती असते ते केरळने पाहिले आहे. मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतील १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे होण्याची क्रीम लावत होते. अशा क्रीममध्ये पारा असतो, आणि तो डबीवर कोणी लिहीत नाही. आपल्या नियमांप्रमाणे डोळ्यांची प्रसाधने सोडता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत नाही ती डबी, मग ती आठवडी बाजारातली असो की पार्लरमधली, घरात आणू नका. ज्याचे नाव छापलेले आहे त्या पॅराबेनला घाबरून ज्याचे नावच नाही ते तोंडाला फासायचे, हा उलटा व्यवहार झाला. आणि सावळा रंग हा रोग नाही, त्याला औषध लागत नाही, हे मुलींना घरातूनच सांगितले गेले पाहिजे.

तेव्हा बचत गटांनी आणि महिला मंडळांनी पुढच्या बैठकीत एक काम करावे. प्रत्येकीने आपल्या घरातली पुडी, डबी आणि बाटली घेऊन यावे. कशावर यादी आहे आणि कशावर नाही ते एका वहीत लिहावे. नाव-पत्ता नसलेल्या मालाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. पुडीवरच्या सुटीबद्दलचे निवेदन केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला पाठवावे, कारण हे नियम तिथे होतात. निवेदनावर सह्या घ्याव्यात, प्रत जपून ठेवावी आणि आपल्या खासदारांनाही एक प्रत द्यावी. कचेरीत काम करणारा माणूस म्हणून सांगतो, तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते, पण आवक क्रमांक पडलेल्या कागदाला कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.